मुतखड्याची कळ आणि चित्राची निवड

मुतखड्याची कळ ज्यांस एकदां येऊन गेली आहे त्यांस तिचें वर्णन सांगण्याची आवश्यकता नाहीं. आणि ज्यांस ती आलेली नाहीं त्यांस तें कितीहि सांगितलें तरी खरें वाटत नाहीं. रात्रीं दीड-दोनच्या सुमारास बरगडीखालीं कुशींत कांहीं तरी टोंचल्यासारखें होतें, पाहतां पाहतां ती कळ पुढें जांघेकडे उतरते, ओकारी होते, आणि एरवीं शांत स्वभावाचा माणूस अंथरुणावर क्षणभरहि स्वस्थ पडूं शकत नाहीं. घर जागें होतें. कोणी शेक देतें, कोणी कुळथाचें कढण टाकण्यास स्वयंपाकघरांत जातें, कोणी गाडी काढतें. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत पोंचल्यावर थोड्याच वेळांत घरांतील वडील मंडळींपुढें प्रश्न येऊन उभा राहतो कीं, सोनोग्राफी करावयाची कीं सरळ सी. टी. स्कॅन? आणि बहुतेक घरांतून त्याचें उत्तर ठरलेलें असतें. पैशाकडे पाहूं नका, जी सर्वांत मोठी तपासणी असेल ती करा.

या उत्तरांतील माया खरी आहे, त्यांतील तर्क मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. जें चित्र सर्वांत स्पष्ट तेंच रोग्याच्या सर्वांत हिताचें, हें गृहीत धरून आपण बोलत असतों. आणि या गृहीताची कसोटी गेल्या कांहीं वर्षांत मोठ्या काळजीपूर्वक पाहण्यांत आली आहे. तिचा निकाल घराघरांत कळावा, म्हणून हा लेख.

प्रथम ही कळ येते कशानें तें पाहूं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी मूत्रवाहिनी प्रौढ माणसांत सुमारें २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. तिची आंतली पोकळी अवघी तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि तीहि तीन ठिकाणीं अधिक चिंचोळी: मूत्रपिंडांतून बाहेर पडतांना, ओटीपोटांतील मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडतांना, आणि मूत्राशयांत शिरतांना. मूत्रपिंडांत निमूटपणें पडून असलेला खडा एखाद्या दिवशीं या वाटेला लागला कीं अडकतो; मागें लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलें जातें, आणि त्या ताणाचीच ही कळ. म्हणूनच खड्याच्या आकाराचा आणि वेदनेचा मेळ बसत नाहीं. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा धिप्पाड माणसास लोळवितो, आणि सुपारीएवढा खडा वर्षानुवर्षें जागचा न हलल्यामुळें कांहींच कळूं देत नाहीं. यांत समाधानाची गोष्ट एवढीच कीं, अडकलेले पुष्कळसे खडे आपण होऊन बाहेर पडतात. युरोपांतील व अमेरिकेंतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं २००७ सालीं मिळून केलेल्या पाहणीप्रमाणें, मूत्रवाहिनींतील पांच मिलिमीटरपर्यंतचे सुमारें ६८ टक्के आणि पांच ते दहा मिलिमीटरपर्यंतचे सुमारें ४७ टक्के खडे शस्त्राशिवाय पडतात.

आतां रोग्याच्या खाटेपाशीं उभ्या असलेल्या डॉक्टराच्या जागीं क्षणभर आपण उभे राहूं. त्यास त्या घटकेला काय कळावयास हवें असतें? पहिली गोष्ट ही कीं, दुखणें खड्याचेंच आहे, कीं खड्याचें सोंग घेऊन दुसरेंच कांहीं आलें आहे. साठी उलटलेल्या पुरुषास आयुष्यांत प्रथमच अशी कळ आली तर महारोहिणीस आलेला फुगवटा फुटत नाहीं ना, हें पाहावें लागतें. तरुण स्त्रीच्या बाबतींत गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ किंवा पीळ पडलेलें बीजांड, आणि उजव्या बाजूस दुखत असल्यास आंत्रपुच्छाचा दाह. दुसरी गोष्ट, तुंबलेल्या लघवींत पू झाला आहे काय? अडथळा आणि ताप हीं दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे तें साधें दुखणें राहत नाहीं. केवळ औषधांनीं तेथें भागत नाहीं, तुंबलेल्या मूत्रपिंडास नळी घालून वाट करून द्यावी लागते, आणि तीहि तासांच्या हिशेबानें. खडा किती मोठा आणि नेमका कोठें, हा प्रश्न या दोहोंच्या मागून येतो. कुटुंबाचें सारें लक्ष मात्र या तिसऱ्या प्रश्नाकडे लागलेलें असतें.

हे प्रश्न नवे नाहींत. उत्तरांचीं साधनें नवीं आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अश्मरीवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि चिकित्सास्थानांत मूत्राशयांतील खडा शस्त्रानें काढण्याची कृति दिलेली आहे. तेथें ग्रंथकार स्पष्ट बजावतो कीं, शस्त्र न लावल्यास मरण निश्चित आणि लावल्यास परिणाम संशयित. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्यानें या कामास हात घालावा. मात्र मूत्राशयांतला खडा वैद्याच्या बोटांस लागत असे. मूत्रवाहिनींतील खडा कोणाच्याच बोटांस लागत नाहीं. त्यास डोळ्यांनीं पाहण्याची वाट उघडली ती जर्मनींत रॉंटजेननें १८९५ च्या अखेरीस क्ष-किरण शोधून काढल्यावर. पुढल्याच वर्षीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं जॉन मॅकिन्टायर या डॉक्टरानें मूत्रपिंडांतील खड्याचें चित्र घेऊन दाखविलें. तथापि क्ष-किरणांस सगळेच खडे दिसतात असें नाहीं. कॅल्शियमचे बहुतेक दिसतात, यूरिक आम्लाचे दिसत नाहींत, आणि लहान खडा आंतड्यांतील वायूच्या व मळाच्या छायेंत हरवून जातो.

१९२९ सालीं मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरानें जर्मनींत राहून, मुळांत जंतुनाशक म्हणून सिद्ध झालेल्या आयोडीनयुक्त द्रव्यांपासून पुढें आलेलें एक औषध शिरेंतून टोंचून साऱ्या मूत्रमार्गाचें चित्र उमटविलें. हीच ती शिरेंत औषध देऊन काढावयाच्या चित्रांची रीत. आज ज्यांचीं वयें सत्तरीच्या पुढें आहेत त्यांपैकीं पुष्कळांनीं ती अनुभविली असेल. तासभर मेजावर पडून राहावें, ठराविक अंतरानें एकामागून एक फिल्म काढावी, आणि औषधाची बाधा होत नाहीं ना म्हणून परिचारिकेनें तोंडाकडे पाहत राहावें, असा तो प्रकार असे.

सी. टी. स्कॅनचा जन्म मात्र एका गंमतीच्या घरीं झाला. ज्या ई. एम. आय. कंपनीच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' या छापाच्या, कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याचें चित्र असलेल्या तबकड्या आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यांत वाजत, त्याच कंपनींत गॉडफ्रे हौन्सफील्ड हा अभियंता काम करीत होता. त्याच्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील एका रुग्णालयांत पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र काढलें, आणि १९७९ सालीं त्यास अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. मुतखड्याच्या कामीं हें यंत्र आलें तें बरेंच उशिरां. १९९५ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, कोणतेंहि औषध न टोंचतां केवळ सी. टी.नें मूत्रवाहिनींतील खडा शिरेंतील औषधाच्या चित्रांपेक्षां अधिक चांगला सांपडतो. यूरिक आम्लाचे खडेहि त्यांत दिसतात. एका दमांत खडा, त्याचें माप, त्याची जागा, आणि आसपासचीं सर्व इंद्रियें! जुनी रीत पाहतां पाहतां मागें पडली.

सोनोग्राफीची कथा पुन्हां ग्लासगोचीच. तेथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनीं १९५५ सालीं, शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून जवळच्या एका बॉयलरच्या कारखान्यांत नेल्या. कारण पोलादांतील भेगा ध्वनिलहरींनीं हुडकण्याचें यंत्र तेथें होतें. पोलादांतली भेग ज्या लहरींस कळते त्यांस मांसांतली गांठ कां कळूं नये, हा त्यांचा विचार. १९५८ सालीं त्यांचा निबंध 'लॅन्सेट' पत्रांत आला, आणि आज जगांतील बहुतेक गर्भांचें पहिलें दर्शन याच विद्येनें घडतें. या लहरींत क्ष-किरण नाहींत, हा तिचा मोठा गुण. खड्याच्या बाबतींत मात्र तिला एक मर्यादा आहे. मूत्रपिंड तिला चांगलें दिसतें. मूत्राशय भरलेला असेल तर त्याच्या तोंडाशीं आलेला खडाहि दिसतो. परंतु मधली मूत्रवाहिनी आंतड्यांतील वायूच्या मागें झांकलेली असते, आणि वायूंतून ध्वनिलहरी पार जात नाहींत.

एवढें कळल्यावर निवड उघडच आहे असें अमेरिकेंतील डॉक्टरांसहि वाटलें. तेथील तातडीच्या विभागांत खड्याच्या संशयानें आलेल्या रोग्यांपैकीं १९९६ सालीं सुमारें ४ टक्क्यांचा सी. टी. होत असे, २००७ सालीं तो ४२ टक्क्यांहून अधिकांचा होऊं लागला. अकरा वर्षांत दसपट. मौज ही कीं, या काळांत खड्याचें निदान झालेल्यांचें प्रमाण वाढलें नाहीं, आणि रुग्णालयांत दाखल कराव्या लागणाऱ्यांचेंहि प्रमाण बदललें नाहीं. म्हणजे चित्रें दसपट झालीं, आणि रोग्यांचें पुढें जें व्हावयाचें तें पूर्वींसारखेंच होत राहिलें. तेव्हां या चित्रांनीं नेमकें साधलें काय, अशी शंका विचारी लोकांस येऊं लागली.

तिचा निकाल लावण्यासाठीं जो प्रयोग झाला तो येथें थोडा विस्तारानें सांगतों. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील रेबेका स्मिथ-बाइंडमन या विदुषींच्या नेतृत्वाखालीं, अमेरिकेंतील पंधरा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत, ऑक्टोबर २०११ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत, मुतखड्याचा संशय असलेले २,७५९ रोगी घेण्यांत आले. कोणाची कोणती तपासणी प्रथम व्हावी, हें डॉक्टराच्या किंवा नातेवाइकांच्या इच्छेवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें. ९०८ जणांची सोनोग्राफी तातडीच्या विभागांतील डॉक्टरांनींच खाटेपाशीं केली. ८९३ जणांची ती रेडिऑलॉजीच्या विभागांत तज्ज्ञांकडून झाली. आणि ९५८ जणांचा प्रथमच सी. टी. झाला. बंधन होतें तें एवढ्या पहिल्या तपासणीपुरतेंच. त्यानंतर डॉक्टरास आवश्यक वाटेल ती दुसरी तपासणी करण्याची पूर्ण मोकळीक होती. मग सहा महिनेपर्यंत या सर्वांचें काय झालें तें पाहिलें, आणि सप्टेंबर २०१४ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्यें तें प्रसिद्ध केलें.

खडा असतां तो पहिल्या चित्रावरून ओळखला जाण्याचें प्रमाण सी. टी.मध्यें ८८ टक्के भरलें; सोनोग्राफींत खाटेपाशीं ५४ आणि तज्ज्ञांकडे ५७. येथवर वाचून कोणीहि म्हणेल कीं, वाद मिटला. निम्म्याच्या जवळपास खडे जिच्या नजरेंतून निसटतात ती तपासणी कशास करावयाची? परंतु प्रयोगकर्त्यांनीं मोजावयाचें म्हणून आधींच ठरविलेलें होतें तें निराळेंच. एखादें घातक दुखणें ओळखावयाचें राहून गेल्यामुळें तीस दिवसांत ज्यांस अपाय झाला असे रोगी तिन्ही गटांत मिळून अकरा निघाले, म्हणजे हजारीं चार. आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सहा महिन्यांत कोणत्याहि कारणानें झालेले गंभीर प्रसंग पाहिले तर खाटेपाशीं सोनोग्राफी झालेल्यांत १२.४ टक्के, तज्ज्ञांकडे झालेल्यांत १०.८, आणि सी. टी. झालेल्यांत ११.२. पुन्हां रुग्णालयांत यावें लागणें, दाखल व्हावें लागणें, राहिलेली वेदना, यांपैकीं कशांतहि सी. टी.वाल्यांचें पारडें जड झालें नाहीं. जड झालें तें एकच: सहा महिन्यांत अंगावर पडलेल्या किरणांचें. सी. टी.च्या गटांत तें सरासरी १७.२ मिलीसीव्हर्ट, सोनोग्राफीच्या गटांत १०.१ व ९.३.

निम्मे खडे न दिसतांहि रोग्यांचें नुकसान कां झालें नाहीं? या प्रश्नांतच सर्व मर्म आहे. सोनोग्राफीस खडा दिसला नाहीं तरी खड्यानें केलेला अडथळा, म्हणजे फुगलेलें मूत्रपिंड, बहुधा दिसतें. आणि पुढील उपचार त्यावरच अवलंबून असतो. जो खडा दिसत नाहीं तो बहुधा लहान असतो, आणि लहान खडा दिसला असता तरी डॉक्टरानें दिलें असतें तेंच: वेदनाशामक औषध आणि वाट पाहण्याचा सल्ला. शिवाय सोनोग्राफीनें ज्यांचा उलगडा झाला नाहीं त्यांस सी. टी.चें दार उघडेंच होतें. खाटेपाशीं तपासलेल्यांपैकीं सुमारें ४१ टक्क्यांचा आणि तज्ज्ञांकडे तपासलेल्यांपैकीं २७ टक्क्यांचा पुढें सी. टी. झालाच. यावरून सोनोग्राफी अपुरी ठरली असें कोणी म्हणतात. आम्हांस त्याचा अर्थ उलट दिसतो. पहिल्या गटांतील दहांपैकीं सुमारें सहा जणांस सी. टी.ची गरजच पडली नाहीं, आणि कोणते सहा हें आधीं सोनोग्राफी केल्यावांचून कळण्याचा मार्ग नव्हता.

मात्र या प्रयोगाच्या कुंपणाबाहेर कोण होते, हें विसरून चालणार नाहीं. गर्भिणी स्त्रिया, अतिशय स्थूल माणसें, एकच मूत्रपिंड असलेले किंवा मूत्रपिंडाचें रोपण झालेले, आणि ज्यांच्या बाबतींत डॉक्टरास आरंभींच दुसऱ्या घातक दुखण्याचा दाट संशय आला असे रोगी त्यांत घेतलेले नव्हते. म्हणून घरांत सत्तर वर्षांच्या आजोबांस पहिल्यानेंच कळ आली असतां या प्रयोगाचें नांव सांगून सी. टी. नाकारणें हें ज्ञानाचा दुरुपयोग करण्यासारखें होईल. अशा वयांत, अशा पहिल्या कळेंत, डॉक्टर सरळ सी. टी. सांगतील आणि तें योग्यच आहे. कारण त्यांस खडा पाहावयाचा नसतो, खडा नसल्यास काय आहे तें पाहावयाचें असतें. ताप येऊन थंडी वाजत असेल, एकच मूत्रपिंड असेल, लघवी अजीबात बंद झाली असेल, किंवा इंजेक्शनानंतरहि कळ हटत नसेल, तर चित्र तात्काळ हवें. तेथें उद्यां सकाळीं पाहूं म्हणून चालत नाहीं.

उलट टोंकाला जो रोगी आहे तो तरुण; पूर्वीं एकदोनदां खडा पडून गेलेला; कळ ओळखीची; ताप नाहीं; औषधानें आराम पडलेला. २०१४ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील तातडीच्या वैद्यकाच्या डॉक्टरांच्या महाविद्यालयानें आपल्याच सभासदांस सांगितलें कीं, पन्नाशीच्या आंतील, एरवीं निरोगी, खड्याचा पूर्वेतिहास असलेल्या आणि साधी कळ असलेल्या रोग्याचा सी. टी. टाळावा. दरवेळीं कळ आली कीं दरवेळीं सी. टी., असें करीत गेल्यास खडे होण्याची प्रवृत्ति असलेल्या माणसाच्या आयुष्यांत किती किरण सांठतील याचा हिशेब करून पाहावा. निसर्गांतून आपणां सर्वांवर वर्षाकांठीं सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट पडतात, आणि पोटाचा नेहमींचा सी. टी. एका वेळीं दहाच्या आसपास देतो. दहा मिलीसीव्हर्टनें हजारांत एका माणसास पुढें केव्हां तरी कर्करोग होईल असें अमेरिकेंतील राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या समितीचें अनुमान आहे. एका माणसास एका प्रसंगीं हा धोका क्षुल्लकच. ज्यास खरी गरज आहे त्यानें या आंकड्यास भिऊन सी. टी. टाळणें वेडेपणाचें. परंतु गरज नसतां दसपट माणसांवर तो लादला म्हणजे तो क्षुल्लक राहत नाहीं.

या बाबतींत पंडितांचें एकमत आहे असें मात्र समजूं नये. युरोपांतील मूत्ररोगतज्ज्ञांची संस्था प्रथम सोनोग्राफी करा म्हणते. इंग्लंडमधील नाइस या सरकारी संस्थेनें २०१९ सालीं उलट सांगितलें कीं, प्रौढ रोग्याचा चोवीस तासांच्या आंत सी. टी. करावा, तो मात्र कमी मात्रेचा; गर्भिणी आणि मुलें यांची सोनोग्राफी करावी. वरवर हा विरोध दिसतो, पण दोघांच्याहि मनांत किरणांची काळजी आहेच. कमी मात्रेच्या सी. टी.मध्यें किरण तीन-चार मिलीसीव्हर्टच्या आंत ठेवतां येतात, आणि खडा आसपासच्या मांसापेक्षां इतका दाट असतो कीं धूसर चित्रांतहि तो उठून दिसतो. फार स्थूल शरीरांत मात्र ही युक्ति तितकीशी साधत नाहीं. आपल्याकडे सी. टी. ठरलाच, तर तो मूत्रमार्गापुरता, औषध न टोंचतां आणि कमी मात्रेचा होईल काय, असें विचारण्यांत संकोच मानूं नये. केंद्रांत तशी सोय पुष्कळदां असते. कोणी विचारीत नाहीं म्हणून ती वापरली जात नाहीं.

खड्याची शक्यता चित्राआधींच अजमावण्यासाठीं येल येथील डॉक्टरांनीं २०१४ सालीं गुणांची एक सारणी सुचविली. पुरुष असल्यास दोन गुण, कळ सहा तासांच्या आंतली असल्यास तीन, ओकारी झाल्यास दोन, लघवींत रक्त असल्यास तीन. आणि रोगी कृष्णवर्णी वंशाचा नसल्यास आणखी तीन. एकंदर तेरांपैकीं दहा किंवा अधिक भरले तर दहांत सुमारें नऊ जणांस खडाच निघतो. कल्पना चांगली आहे, पण आपल्याकडे ती जशीच्या तशी आणतां येत नाहीं. अमेरिकेंतील वंशभेदावर बसविलेले ते तीन गुण आपल्या प्रत्येक रोग्यास बसल्या जागीं मिळावयाचे, मग त्यांस अर्थ काय उरला? परक्या मापाचा अंगरखा शिंप्याकडून सैलघट्ट करून घ्यावा लागतो, त्यांतलाच हा प्रकार.

महाराष्ट्रांत या निवडीस आणखी एक पदर आहे. अमेरिकेंतील प्रयोगांत तातडीच्या डॉक्टरानें यंत्र खाटेपाशीं ओढून आणून स्वतःच सोनोग्राफी केली. आपल्याकडे तें इतकें सोपें नाहीं. गर्भाचें लिंग पाहून मुलगी नको म्हणणाऱ्यांस आवर घालण्यासाठीं देशांत पहिला कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. पुढें १९९४ सालीं केंद्राचा कायदा झाला आणि २००३ मध्यें तो अधिक कडक झाला. त्यान्वयें सोनोग्राफीचें प्रत्येक यंत्र नोंदलेलें असावें लागतें, तें चालविणारा डॉक्टर पात्र व नोंदलेला असावा लागतो, आणि हातांत मावणारें फिरतें यंत्र वाटेल तेथें नेण्यावर निर्बंध आहेत. यामुळें रात्रीं दोन वाजतां सी. टी.चें यंत्र चालू, आणि सोनोग्राफीचे डॉक्टर मात्र घरीं, अशी स्थिति लहान शहरांत पुष्कळदां असते. मग किरणांचें यंत्र जवळचें म्हणून तेंच वापरलें जातें. या कायद्यास कोणीं नांवें ठेवूं नयेत. ज्या पातकामुळें तो करावा लागला तें आपल्याच घरांतलें, सुशिक्षितांच्या घरांतलेंहि आहे. परंतु त्याची ही अप्रत्यक्ष किंमत मुतखड्याच्या रोग्यासहि भरावी लागते, आणि यंत्राचा गैरवापर रोखून तातडीच्या डॉक्टरांस रीतसर शिक्षण व परवाना देण्याची वाट काढणें अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तोंवर एक सांगावयाचें तें हें: तरुण रोग्याची कळ इंजेक्शनानें थांबली असेल, ताप नसेल, आणि डॉक्टरास इतर संशय नसेल, तर सोनोग्राफीसाठीं सकाळपर्यंत थांबणें हाहि उपचारच आहे, हेळसांड नव्हे.

गर्भिणीच्या बाबतींत प्रश्नच नाहीं. तेथें सोनोग्राफी प्रथम, आणि तिनें न भागल्यास चुंबकाचें म्हणजे एम. आर. आय.चें चित्र. गर्भारपणीं मूत्रपिंड थोडेसें आपोआपच फुगतें, विशेषतः उजवें. म्हणून नुसती सूज दिसली कीं खडा, असें तेथें म्हणतां येत नाहीं, आणि तपासणारी नजर सरावलेली हवी. मुलांसहि सोनोग्राफीच प्रथम.

घरच्या मंडळींच्या हातीं काय आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. चित्र कोणतें हें ठरेपर्यंत वेदना सोसत बसण्याचें कारण नाहीं. डायक्लोफेनॅकसारखें इंजेक्शन चित्राआधीं देतां येतें व देतात. फक्त रोगी गर्भिणी आहे काय, मूत्रपिंडें अशक्त आहेत काय, जठरांत व्रण आहे काय, हें डॉक्टरांस आधीं सांगावें. कळ चालू असतां तांब्यामागून तांब्या पाणी पाजण्याचा जो आग्रह आपल्या घरांत होतो त्यानें खडा लवकर सुटतो असें दिसून आलेलें नाहीं, तहानेपुरतें द्यावें. कुळथाच्या कढणाचा वाद येथें काढीत नाहीं, त्यावर घरोघरीं अधिकारी व्यक्ति आहेत. मागच्या वेळच्या फिल्म, अहवाल आणि मूत्रपिंडांत आधींचे किती खडे शिल्लक आहेत याची नोंद मात्र कपाटांत सांपडेल अशी ठेवावी. दोन वर्षांपूर्वींचा सी. टी. हातीं असला तर आजचा सी. टी. पुष्कळदां टळतो. आणि डॉक्टर मोठी तपासणी लिहून देत असतील तर नम्रपणें एवढें विचारावें कीं, या चित्रांत काय दिसलें तर आज रात्रीचा उपचार बदलेल? ज्याच्यापाशीं उत्तर आहे तो डॉक्टर या प्रश्नानें रागावत नाहीं.

घरीं परत आल्यावर दोन-तीन आठवडे लघवी बारीक गाळणींतून गाळावी. चहाची एखादी जुनी, त्याच कामासाठीं वेगळी ठेवलेली गाळणी पुरते. सांपडलेला खडा कागदाच्या पुडींत कोरडा ठेवून रासायनिक पृथक्करणास द्यावा. तो कॅल्शियमचा कीं यूरिक आम्लाचा हें कळल्यावर पुढचें पथ्य ठरतें, आणि पुढच्या वेळीं साध्या क्ष-किरणांत खडा दिसेल कीं नाहीं हेंहि कळतें. कळ थांबली म्हणजे खडा पडला असें मात्र समजूं नये. अडकलेला खडा कधीं कधीं दुखावयाचें थांबतो आणि मागें मूत्रपिंड तसेंच तुंबलेलें राहतें. म्हणून खडा हातीं लागला नसेल तर डॉक्टरांनीं सांगितलेल्या दिवशीं पुन्हां तपासणीस जावें. मूत्रपिंडाची सूज उतरली कीं नाहीं एवढें पाहण्यास तेव्हां सोनोग्राफी पुरते.